फीडपार्सर आणि वर्डप्रेसची रेस्ट एपीआय, सात-आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. फीड, म्हणजे ब्लॉगवरच्या नव्या लिखाणाची प्रोग्रामने वाचायची यादी, वाचायला पायथनचं फीडपार्सर डोळे झाकून घ्या, प्रोग्राममधून पोस्ट टाकायला वर्डप्रेसची रेस्ट एपीआय (प्रोग्रामसाठीचं दार) घ्या पण डोळे उघडे ठेवून, आणि त्याच कामाची जुनी पद्धत एक्सएमएल-आरपीसी कोणी "अरे सोप्पी आहे" म्हणत गळ्यात मारली तरी नव्या कामाला अजिबात घेऊ नका.

काम काय होतं, तर इंदूरमधे आमचा मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, आणि थोडे देवास-उज्जैनचे. बरेच जण ब्लॉग लिहितात, कोणी नाटकावर, कोणी होळकरांच्या इतिहासावर, एक मावशी फक्त लोणच्यांवर. अर्धे ब्लॉगरवर, अर्धे वर्डप्रेसवर, आणि एक-दोघांनी भाच्याकडून साइट करून घेतलीय ज्यात फीडची फाइल हाताने लिहिलेली आहे. सगळ्यांचं नवं लिखाण एका पानावर दिसायला हवं आणि त्यातलं निवडक आमच्या वर्डप्रेस साइटवर ड्राफ्ट म्हणून आपोआप पडायला हवं, एवढंच. ऐकायला दोन संध्याकाळचं काम वाटतं ना, तसंच सगळ्यांना वाटतं.

फीडचं जग म्हणजे भावकी आहे. आरएसएस हा फीडचा एक साचा, त्याचं 0.91 आलं 1999 ला, मग 2000 मधे आरडीएफ नावाची मांडणी धरणाऱ्यांनी वेगळी चूल मांडून 1.0 काढलं, 2002 मधे डेव्ह वायनरनी 2.0 काढलं जे 1.0 च्या पुढचं नाहीच, वेगळ्याच शाखेचं आहे, आणि या कटकटीला कंटाळून बाकीच्यांनी 2005 मधे अ‍ॅटम आणलं, आरएफसी (इंटरनेटचं मानक) 4287. आरएसएसमधे तारीख एका पद्धतीने, अ‍ॅटममधे दुसऱ्या. फीडपार्सरची खरी किंमत इथे कळते, कारण त्याला काहीही द्या, बाहेर एंट्रीज एकाच साच्यात येतात. मार्क पिल्ग्रिमनी 2002 मधे हे सुरू केलं होतं आणि 2020 मधे 6.0 आलं तेव्हा पायथन 2 ची साथ सोडली, म्हणजे नेटवर जुने नमुने कोड दिसतील ते आहेत तसे उचलू नका.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बोझो नावाचा फ्लॅग. फीडमधे काही गडबड असली की तो 1 होतो. पण 1 झाला म्हणून फीड फेकून द्यायचं नाही, हे महत्त्वाचं! भाच्याच्या साइटवर हेडरमधे, म्हणजे सर्व्हर फाइलबरोबर पाठवतो त्या माहितीत, नुसतं टेक्स्ट-एक्सएमएल येतं, कॅरेक्टर सेट (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली ते) लिहिलेलाच नाही, मग जुन्या नियमाप्रमाणे, जो 2014 मधे बदलला पण फीडपार्सर अजून धरून आहे, ते अ‍ॅस्की म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचं मानायचं असायचं आणि आत तर सगळं देवनागरी. फीडपार्सर गपचूप यूटीएफ-8 (जगातल्या सगळ्या लिप्यांची पद्धत) म्हणून वाचतं, बोझो 1 करतं, कारण एक्सेप्शनमधे लिहून ठेवतं आणि सगळ्या एंट्रीज हातात देतं. दुसऱ्या एका फीडमधे मजकुरात एनबीएसपी एंटिटी, म्हणजे एचटीएमएलची न तुटणाऱ्या रिकाम्या जागेची खूण, तशीच घुसलेली, जी एक्सएमएलला माहीतच नसते. तरीही वाचलं. कडक पार्सर तिथे हात वर करतो आणि मावशींचं लोणचं राहतं बाजूला.

आता तक्रारी. फीडपार्सरच्या 6 व्या आवृत्तीत पार्स या फंक्शनला टाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मर्यादा) देता येत नाही, म्हणजे एखाद्याचा सर्व्हर नुसता लटकून राहिला की तुमची पूर्ण रांग लटकते. उपाय असा की पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने स्वतः आणायचं, टाइमआउट लावायचा आणि आलेले बाइट्स पार्सरला द्यायचे, सोबत रिस्पॉन्सचे हेडरपण द्यायचे, नाहीतर वरचं कॅरेक्टर सेटचं सगळं शहाणपण वाया जातं. ईटॅग आणि लास्ट-मॉडिफाइड (फीड बदललं का हे सांगणाऱ्या हेडरमधल्या खुणा) मग तुम्हालाच सांभाळावे लागतात पण ते कराच. बदल नसेल तर सर्व्हर 304 म्हणतो आणि दोन्हीकडचा डेटाचा खर्च वाचतो. 301, म्हणजे पत्ता कायमचा बदलला, आला तर डेटाबेसमधे पत्ता बदला, 410 आला तर तो ब्लॉग गेला समजा आणि दार वाजवणं बंद करा.

वेळेचं पण बघा. पार्स झालेली वेळ नेहमी यूटीसीमधे असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कोणी रात्री 9 ला पोस्ट टाकली आणि ती वेळ तशीच छापली तर पानावर दुपारचे 3:30 दिसतात, आणि आमच्याकडे लोक ते लगेच पकडतात हो. कॅलेंडर मॉड्यूलचं टाइमजीएम वापरा, टाइमचं एमकेटाइम नको, ते लोकल वेळ धरून चालतं. आणि आणखी एक, सॅनिटायझिंग, म्हणजे धोकादायक एचटीएमएल गाळणं, मुळातच चालू असतं, स्क्रिप्टबरोबर आयफ्रेमपण (व्हिडिओ ज्या चौकटीत बसतो ती) काढून टाकतं, त्यामुळे पोस्टमधले व्हिडिओ गायब. बंद करायची सोय आहे, पण बाहेरच्या माणसाचं एचटीएमएल आपल्या पानावर आहे तसं छापायची माझी तरी हिंमत नाही, मी व्हिडिओची फक्त लिंक दाखवतो.

आता टाकायची बाजू. इथे पण इतिहास आहेच, 2002 ची मेटावेबलॉग एपीआय, नंतर 2007 मधे अ‍ॅटमपब, आरएफसी 5023, जी कागदावर सगळ्यात नीटनेटकी होती आणि वर्डप्रेसने 2012 मधे 3.5 मधे गाभ्यातून काढूनपण टाकली. एक्सएमएल-आरपीसी अजून आहे, पण एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड तपासून बघणारे आणि पिंगबॅकमधून (कोणी लिंक दिली की कळवायची सोय) दुसऱ्याची साइट पाडणारे लोक इतके झाले की आमच्या होस्टिंगवाल्याने ती फाइलच बंद करून ठेवली होती आणि सांगितलंही नव्हतं. सपोर्टवाला दोनदा म्हणाला "सर, कॅश क्लिअर करून बघा".

म्हणून रेस्ट, जी 2016 पासून गाभ्यात आहे, आणि 5.6 पासून अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड मिळतो, 24 अक्षरी, तो फक्त या प्रोग्रामपुरता, नको झाला की एकटा रद्द करता येतो. पण साइट जुनी असेल तर सगळं बरोबर असूनही 401 (ओळख पटली नाही) येतो, कारण काही अपाची (वेब सर्व्हर) सेटअपमधे पासवर्ड नेणारं ऑथरायझेशन हेडर पीएचपीपर्यंत पोचतच नाही. 5.6 ने त्यासाठी अपाचीच्या सेटिंगच्या फाइलमधे, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसमधे एक ओळ वाढवली, फक्त ती जुन्या फाइलमधे आपोआप आलेली असेलच असं नाही. सेटिंग्जमधे जाऊन पर्मालिंक काहीही न बदलता पुन्हा सेव्ह करा, फाइल नव्याने लिहिली जाते. हे कळलं तेव्हा हसावं की रडावं असं झालं भिया.

मराठी लोकांसाठी खास: वर्डप्रेसमधे स्लगची, म्हणजे पोस्टच्या पत्त्यात शीर्षकावरून बनणाऱ्या तुकड्याची, जागा 200 अक्षरांची असते. देवनागरीचा एकेक वर्ण एन्कोड होऊन 9 अक्षरं खातो, मात्रा वेगळी धरून. म्हणजे साधारण 22 वर्णांत स्लग कापला जातो. "इंदूरच्या मराठी रंगभूमीचा इतिहास भाग 1" आणि "भाग 2" दोघांचा स्लग सारखाच कापला जातो आणि दुसऱ्याला शेवटी आकडा चिकटतो. तेव्हा पोस्ट करताना स्लग आपणच रोमन लिपीत छोटा करून पाठवावा. आणि वाचताना डुप्लिकेट ओळखायला नुसती लिंक वापरू नका, जीयूआयडी (प्रत्येक एंट्रीची कायमची ओळख) वापरा. वर्डप्रेस तिथे पोस्टचा नंबरवाला पत्ता देतं जो स्लग बदलला तरी तसाच राहतो, ब्लॉगर टॅग-कोलनने सुरू होणारा आयडी देतं, तोही पक्का. भाच्याच्या फीडमधे जीयूआयडी नाहीच, तिथे मी लिंक आणि शीर्षकाचा हॅश (दोन्हींवरून काढलेली ठरावीक खूण) करतो.

वेबसब, म्हणजे नवं काही आलं की आपल्याला लगेच आपोआप कळवायची सोय, लावलं नाही. 2018 पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं रेकमेंडेशन आहे, ब्लॉगरच्या फीडमधे हबचा (कळवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता पण असतो, पण इतक्या थोड्या ब्लॉगांसाठी अर्ध्या तासाने एकदा विचारणं पुरतं, लोणच्याच्या पोस्टला कसली घाई.

राहिलं ब्लॉगरचं अर्धवट फीड. कोणाचा मजकूर दोन ओळींनंतर तुटत असेल तर कोडमधे शोधत बसू नका, लिहिणाऱ्याच्या सेटिंगमधे ब्लॉग फीड "शॉर्ट" ठेवलेलं असतं, फोन करून "फुल" करायला सांगा आणि फोनवर असतानाच सेव्ह करून घ्या.