नवसंशोधकांचे पुरस्कार आणि औषध विश्लेषण : सोलापुरातून केलेले परीक्षण

औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात औषध विश्लेषण (औषधातील घटक आणि अशुद्धी मोजण्याचे शास्त्र) हा विषय शिकवताना गेल्या काही वर्षांत मी स्वतः नवसंशोधकांसाठीच्या पुरस्कारांना आणि अनुदानांना अर्ज केले, आणि त्याहून अधिक वेळा माझ्या एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांना व तरुण सहकाऱ्यांना अर्ज करायला लावले. या सगळ्या खटाटोपात वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून कोणता पुरस्कार त्याच्या मोलाचा आहे हे आपल्या क्षेत्रातील तरुणांसाठी लिहून ठेवावेसे वाटले. माझी कसोटी साधी आहे : परीक्षकांनी संशोधकाची मेथड, म्हणजे मोजमापाची पद्धत, खरोखर वाचली का, आणि पुरस्कार मिळाल्यानंतर ती मेथड प्रयोगशाळेत पुढे गेली का.

ही कसोटी सोलापुरात बसून लावण्याला कारण आहे. चिंचोळी एमआयडीसीच्या परिसरात अमाइन्स ही रसायने तयार होतात आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिनही तयार होते. मेटफॉर्मिन बनवताना डायमिथाइलअमाइन हे अमाइन लागते आणि याच डायमिथाइलअमाइनचा नायट्राइटशी संबंध आला की एनडीएमए हे कर्करोगाचा धोका असलेले नायट्रोसामीन तयार होऊ शकते. २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबावरच्या औषधात ते सापडले आणि जगभर खळबळ उडाली. डिसेंबर २०१९ मध्ये याच अशुद्धीमुळे सिंगापूरने मेटफॉर्मिनची तीन उत्पादने परत मागवली. एनडीएमएची स्वीकारार्ह मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम आहे. रोज दोन ग्रॅम मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णाचा विचार केला तर एका ग्रॅम औषधात ४८ नॅनोग्रॅमपर्यंतची अशुद्धी विश्वासाने मोजता आली पाहिजे. एवढे सूक्ष्म मोजमाप करणारी तरुण माणसे या शहरात घडणे ही चैनीची बाब नाही, आणि म्हणूनच त्यांना दिला जाणारा पुरस्कार कसा आहे याची मला मनापासून काळजी वाटते.

सर्वांत जवळची संधी म्हणजे महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या फेरीतून निवडलेले विद्यार्थी राज्य पातळीवर जातात आणि सहा विद्याशाखांपैकी एक वैद्यक व औषधनिर्माणशास्त्राची असते. एका वर्षी आमची एक विद्यार्थिनी एचपीएलसीची मेथड घेऊन उभी होती. एचपीएलसी म्हणजे मिश्रण ‘कॉलम’ नावाच्या नळीतून द्रवासोबत ढकलून त्यातील घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र. भित्तिपत्रकावर व्हॅलिडेशनचे, म्हणजे मेथड विश्वासार्ह आहे या पडताळणीचे, नेहमीचे तक्ते होते : पाच सांद्रतांवर रेषीयता, तीन पातळ्यांवर मिळून नऊ निर्धारणांची अचूकता, पुनरावृत्तीची सहा इंजेक्शने. परीक्षकांनी त्या तक्त्यांवरून नजर फिरवली आणि एकच प्रश्न विचारला, “कॉलमचे तापमान ४० अंश का ठेवले?” ती म्हणाली, “सर, आमच्या प्रयोगशाळेचेच तापमान एप्रिलमध्ये ३५च्या पुढे जाते. आमच्या ओव्हनमध्ये थंड करण्याची सोय नाही, त्यामुळे ३० अंश लिहिले तर ते पाळता येत नाही आणि रिटेन्शन टाइम दुपारी सरकतो.” रिटेन्शन टाइम म्हणजे घटकाला कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ. त्यानंतर दहा मिनिटे ते दोघे केवळ तापमान आणि बफर (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारे मिश्रण) यांवर बोलत होते. बक्षीस दुसऱ्याच प्रकल्पाला गेले, तरी त्या दहा मिनिटांमुळे मी ‘आविष्कार’ला चांगले गुण देते, कारण परीक्षण करताना प्रत्यक्ष प्रयोगशाळेतील परिस्थिती विचारात घेतली गेली. उणीव आहे ती रचनेत. वैद्यक आणि औषधनिर्माण एकाच गटात असल्याने विश्लेषणाची मेथड रुग्णांवरील अभ्यासाशी किंवा नव्या मलमाशी स्पर्धा करते, आणि ज्या कामाचा परिणाम डोळ्यांना दिसत नाही ते काम मागे पडते. विश्लेषणाच्या कामासाठी त्या विषयाचा किमान एक परीक्षक असावा, अशी माझी सूचना आहे.

याच्या अगदी उलट टोकाला ईमेलने येणारे ‘युवा शास्त्रज्ञ पुरस्कार’ आहेत. माझ्या एका तरुण सहकाऱ्याला अशाच एका संस्थेकडून निवड झाल्याचे पत्र आले. त्याने अर्ज केलेला नव्हता. केवळ त्याचा एक शोधनिबंध प्रकाशित झाला होता. पत्रासोबत नोंदणी शुल्काचा तक्ता होता आणि स्मृतिचिन्ह, प्रमाणपत्र व छायाचित्र यांचे दर त्यात वेगवेगळे दिले होते. आम्ही नम्रपणे विचारले की परीक्षक कोण होते आणि त्यांनी कोणता शोधनिबंध वाचला; उत्तरात केवळ शुल्क भरण्याची अंतिम तारीख पुन्हा कळवण्यात आली. त्याने पैसे भरले नाहीत, याचा मला आनंद आहे. परंतु पदोन्नतीच्या अर्जात पुरस्कारांचा रकाना भरायचा असतो आणि त्या दडपणाखाली अनेक गुणी मुले शुल्क भरतात, हे मी पाहिले आहे. कच्ची माहिती, क्रोमॅटोग्राम (उपकरणाचा आलेख, ज्यात प्रत्येक घटकाचे शिखर दिसते) किंवा किमान शोधनिबंधाची प्रत न मागता दिलेला पुरस्कार विश्लेषणाच्या क्षेत्रात तरी स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केंद्र सरकारची अनुदाने नावाने पुरस्कार नसली तरी माझ्या दृष्टीने तोच खरा पुरस्कार आहे. पूर्वी एसईआरबी या केंद्राच्या विज्ञान-अनुदान मंडळाचा अर्ली करिअर रिसर्च ॲवॉर्ड होता आणि त्यात तीन वर्षांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळत असे. नंतर आलेल्या स्टार्टअप रिसर्च ग्रँटमध्ये दोन वर्षांसाठी ३० लाख रुपये होते. ५ फेब्रुवारी २०२४ पासून अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा लागू झाला, एसईआरबी त्यात विलीन झाले आणि प्रधानमंत्री अर्ली करिअर रिसर्च ग्रँटमध्ये तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंतची तरतूद आली. या रकमेकडे मी प्रयोगशाळेच्या हिशोबाने पाहते. त्यात एक चांगले एचपीएलसी, कॉलम, संदर्भ मानके, ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचा तीन वर्षांचा खर्च आणि एका संशोधन साहाय्यकाचे मानधन बसवता येते. मात्र नॅनोग्रॅमच्या पातळीवरील नायट्रोसामीन मोजण्यासाठी लागणारे ट्रिपल क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर त्यात बसवणे अवघड आहे.

त्यामुळे सोलापूरच्या संशोधकाला उपकरण दुसरीकडे शोधावे लागते. देशभरातील संशोधन उपकरणांची नोंद ठेवणारे आय-स्टेम हे संकेतस्थळ या कामी खरोखर उपयोगी आहे. माझा सहकारी तपकिरी काचेच्या व्हायलमध्ये भरलेले नमुने बर्फाच्या पेटीत घालून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो, कारण एनडीएमए प्रकाशात विघटित होते आणि साध्या व्हायलमध्ये नेलेल्या नमुन्याचा आकडा कमी येतो. अनुदानात प्रवासाचा आणि उपकरण वापराच्या शुल्काचा रकाना मोठा मागावा, हा अनुभवाने आलेला सल्ला आहे. अशा एका फेरीत त्याला एनडीएमएचा आकडा संशयास्पद जास्त दिसला. तेव्हा त्याने थेट अहवाल लिहिला नाही; डायमिथाइलफॉर्मामाइड त्याच वेळी कॉलममधून बाहेर पडते का ते आधी तपासले. या द्रावकाच्या जड समस्थानिकाचा (जड अणू असलेल्या रूपाचा) सिग्नल एनडीएमएच्या वस्तुमानाच्या इतका जवळ येतो की दोन्ही वेगळे केले नाहीत तर नसलेली अशुद्धी दिसू लागते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेतील रसायनशास्त्रज्ञांनी मेटफॉर्मिनच्याच नमुन्यांत ही चूक दाखवून दिली होती. त्याने ग्रेडियंट (कॉलममधून जाणाऱ्या द्रावकांचे बदलते प्रमाण) बदलला, दोन्ही शिखरे वेगळी केली आणि आकडा खाली आला. कोणत्याही पुरस्काराच्या अर्जात हा परिच्छेद पहिला असायला हवा, पण अर्जांच्या बहुतेक नमुन्यांमध्ये त्यासाठी जागाच नसते. जागा असते ती शोधनिबंधांच्या संख्येला.

या अनुदानांच्या पात्रतेतही एक अडचण आहे. अर्जदाराने नियमित पदावर असावे अशी अट असते, आणि आपल्या जिल्ह्यातील विनाअनुदानित महाविद्यालयांत तात्पुरत्या नेमणुकीवर काम करणारे अनेक पीएचडीधारक तिथेच थांबतात. अट समजण्यासारखी आहे, कारण तीन वर्षांचे अनुदान सांभाळायला संस्था आणि माणूस दोन्ही टिकावे लागतात. तरीही महाविद्यालयाने लेखी हमी दिल्यास सवलत मिळावी, असे मला वाटते.

आंतरराष्ट्रीय पातळीवरील एका पुरस्काराचा उल्लेख करणे आवश्यक आहे. एचपीएलसी या नावाने भरणाऱ्या परिसंवादमालेत चाबा होर्वाथ यांच्या नावाचा युवा शास्त्रज्ञ पुरस्कार ३५ वर्षांखालील संशोधकाला तोंडी सादरीकरणासाठी दिला जातो. १९६० च्या दशकात येल विद्यापीठात या तंत्राची सुरुवातीची उपकरणे उभी करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव त्याला आहे, आणि व्याख्यान ऐकून निर्णय घेण्याची ही पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. प्रवास आणि नोंदणीचा खर्च मात्र आपल्याकडच्या तरुणाला सहज झेपणारा नाही.

तेव्हा माझी शिफारस अशी की एम. फार्म. आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी ‘आविष्कार’मध्ये अवश्य उतरावे, नियमित पदावरील तरुण प्राध्यापकांनी स्मृतिचिन्हांच्या मागे न लागता केंद्राच्या अनुदानाचा अर्ज मनापासून लिहावा आणि शुल्क मागणाऱ्या पत्रांना उत्तर देऊ नये. औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्यू२ची (व्हॅलिडेशनवरील) सुधारित आवृत्ती आणि क्यू१४ (मेथड विकसित करण्यावरील) ही मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वीकारली गेली आहेत. अर्जात अजूनही जुन्या आवृत्तीचा उल्लेख दिसतो आणि जाणकार परीक्षकाच्या तो लगेच लक्षात येतो. अर्जासोबत फसलेल्या इंजेक्शनचे क्रोमॅटोग्रामही जोडावेत. आमच्या सहकाऱ्याने या वर्षीच्या प्रस्तावात एकमेकांत मिसळलेल्या त्या दोन शिखरांचे चित्र पहिल्याच पानावर ठेवले आहे.