गौताळ्याला जा, पण डबा घेऊन

कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, १९८६ पासूनचं. २०२१ ला यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत इथवर आला होता म्हणून सगळे तेच विचारतात, आम्हाला मोर आणि माकडंच दिसली. पण पैसे वसूल झाले ते कडेला शेळ्या घेऊन बसलेल्या मामांमुळं, खांद्यावर घोंगडी, काठीनं चिखलातलं पाऊल दाखवलं, "बिबट्या हाय बगा, याचं नख उमटत न्हाई, कुत्र्याचं उमटतं." शेळ्या नेत नाही का म्हटलं तर, "नेतो की कदी कदी, मग पंचनामा." एवढं निवांत! पावसाळ्यातच जा, उन्हाळ्यात नुसता पाचोळा. रस्त्यावरच्या एका हॉटेलात पिठलं थंडगार, भाकरी वातड आणि बिल मात्र गरमागरम.