एप्सन एल३२५० इंक टँक प्रिंटर: डिचोलीच्या दमट हवेत, ऑफिसात आणि नाटकाच्या तालमीत

आधी निकाल सांगते. ज्या घरात आठवड्याला पाच-पन्नास पानं तरी छापली जातात, त्या घरानं इंक टँक प्रिंटर, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीतून टाकीत शाई भरायचा प्रिंटर, जरूर घ्यावा. ज्याला महिन्यातून एकदा आधार कार्डाची प्रत काढायची असते, त्यानं घेऊ नये. त्याला नाक्यावरचं झेरॉक्सचं दुकानच परवडतं, आणि यंत्र बसून राहिलं की त्याचं नुकसानच होतं.

गोव्यातल्या डिचोलीत घराच्या बाहेरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. बाजारातल्या दुकानदारांची जीएसटीची रिटर्न, वर्षअखेरचे हिशेब, कुणाला ऑनलाइन काढलेला एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा हवा, कुणाचा सरकारी योजनेचा अर्ज भरायचा, असं काम चालतं. हे झालं दिवसाचं. संध्याकाळी तोच प्रिंटर नाटकाचा होतो, कारण आमचे हे गावच्या उत्सवातलं नाटक बसवतात. गोव्यात जत्रा-उत्सवाला मराठी नाटक झालंच पाहिजे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, गोवेकरांना नाही. तेव्हा माझ्या प्रिंटरला दोन मालक आहेत, आणि दोघांच्या मागण्या वेगळ्या.

एल३२५० हा प्रिंट, स्कॅन आणि कॉपी करणारा, ए-फोर मापाचा, वाय-फायवाला प्रिंटर. मी घेतला तेव्हा किंमत चौदा-पंधरा हजारांच्या घरात होती. त्याच पैशांत कार्ट्रिजचे दोन-तीन साधे प्रिंटर येतात, म्हणून बरेच जण तिथेच थबकतात. पण लहान कार्ट्रिजमध्ये जेमतेम दीडशे-दोनशे पानांची शाई असते आणि ती संपली की पुन्हा सात-आठशे रुपये मोजायचे. इथे काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली चारशे रुपयांच्या आत-बाहेर मिळते, आणि कंपनी तिच्यावर ४,५०० पानं सांगते. तीन रंगांच्या बाटल्यांवर मिळून ७,५०० पानं.

हा ४,५०० चा आकडा प्रमाणित चाचणीच्या पानांचा आहे, आपल्या पानांचा नव्हे. मोठ्या टायपातली देवनागरी, वर सलग शिरोरेघ, मध्ये ठळक अक्षरांत पात्रांची नावं, असं पान भरगच्च असतं. नाटकाची पानं छापताना माझी बाटली तीन हजारांच्या पुढे-मागे संपते. शिवाय अगदी पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या आणि कागदावर शाई सोडणारं हेड भरण्यातच जाते, त्यामुळे पहिल्या बाटलीवरून हिशेब मांडू नये. एवढं सगळं धरलं तरी काळ्या पानाला शाई तेरा-चौदा पैशांची लागते. त्या पानाचा कागद मात्र साठ पैशांच्या आसपास जातो. शाईपेक्षा कागद महाग, ही गोष्ट प्रिंटर निवडताना कुणी बोलत नाही, आणि या यंत्राची खरी उणीव तिथेच आहे: कागद आपोआप उलटून दोन्ही बाजूंना छापायची सोय यात नाही. आधी विषम पानं काढायची, गठ्ठा फिरवून परत घालायचा, मग सम पानं. ज्याचं काम पानांच्या गठ्ठ्यांचं आहे, त्यानं दोन-चार हजार जास्त टाकून आपोआप उलटणारं मॉडेल घेतलं तर ते पैसे कागदात वसूल होतील.

आता नाटकाबद्दल, कारण माझं मत खरं तिथे बनलं. पूर्वी आमच्याकडे संपूर्ण संहिता एकच असायची, ती प्रॉम्प्टरच्या हातात. बाकीच्यांना आपापली नक्कल वहीतून उतरवून घ्यावी लागे: समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द आणि पुढे आपलं बोलणं. ऐंशी पानांचं नाटक, चौदा माणसं, म्हणजे अकराशेवर पानं. झेरॉक्सला दोन रुपये पान धरलं तर बावीसशे रुपये, आणि मंडळाच्या जमाखर्चात आधीच पडदे, मेकअप, लाइट यांची ओढाताण. त्यामुळे अख्खी प्रत प्रत्येकाला द्यायचा विचार कुणी करत नसे.

हा प्रिंटर आल्यापासून प्रत्येकाला पूर्ण नाटक मिळतं. तिसऱ्या अंकात खलिता घेऊन येणाऱ्या पोरालासुद्धा. तालमीत फरक लगेच दिसला. तो पोरगा पूर्वी आत येई, दोन वाक्यं म्हणे आणि निघून जाई. आता खलित्यात काय आहे आणि तो वाचून महाराजांचं काय होणार आहे, हे त्याला ठाऊक असतं, आणि तो दारातच क्षणभर अडखळतो. दिग्दर्शकानं सांगितलेलं नाही, त्याचं त्यालाच सुचलेलं. महाराजांची भूमिका करणाऱ्या काकांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांची प्रत मी अठराच्या टायपात काढते, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून. दुसऱ्या अंकातला एखादा प्रवेश बदलला की तेवढीच चार पानं सगळ्यांना नव्यानं मिळतात, खाडाखोड नाही. पान स्वस्त झालं की माणूस पानाकडे बघून काम कापत नाही. मला या यंत्राचं मोल शाईच्या पैशांपेक्षा यात जास्त वाटतं.

वेगाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. काळी पानं मिनिटाला दहा, रंगीत पाच, असं कंपनीच सांगते. अकराशे पानं म्हणजे दोन तासांच्या आसपास, आणि मागच्या ट्रेमध्ये शंभरच कागद मावतात, तेव्हा जवळ बसावं लागतं. मार्च-एप्रिलच्या गर्दीत ज्या ऑफिसात माणूस समोर उभा राहून कागद मागतो, तिथे लेझरच हवा.

एक सूचना मंडळांसाठी. बहुतेक जुनी मराठी संहिता श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. ती फाइल थेट मोबाइलवरून छापायला गेलात तर पानभर निरर्थक चिन्हं येतात. ज्या संगणकावर फाँट आहे तिथेच पीडीएफ करून घ्या. मग त्याच वाय-फायवरच्या मोबाइलवरून, एप्सनच्या स्मार्ट पॅनेल या अ‍ॅपमधून ती छापता येते. वाय-फायही तपासा: हा प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आणि नवे राउटर ५ गिगाहर्ट्झचंही नेटवर्क त्याच नावानं दाखवतात. जोडणी होत नसेल तर राउटरमध्ये दोन्हींची नावं वेगळी करा.

स्कॅनर कागदपत्रांना छान आहे. मात्र यातला सेन्सर काचेला अगदी चिकटलेल्या गोष्टीच स्वच्छ टिपतो. सासऱ्यांच्या हातच्या नाटकाच्या जुन्या, जाड शिवणीच्या वह्या स्कॅन करायला घेतल्या तर मधल्या शिवणीजवळची अक्षरं धूसर येतात, आणि कसरीनं खाल्लेली पानं दाबायचा धीर होत नाही. अशा वह्यांचे मी उजेडात मोबाइलनं फोटो काढते. गठ्ठा ठेवला आणि एकेक पान आपोआप आत गेलं, असा फीडरही यात नाही.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर घरातला कागद हाताला गार, लुसलुशीत लागतो. असा कागद मागच्या उघड्या ट्रेमध्ये रात्रभर राहिला की सकाळी कडा वळलेल्या असतात, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात किंवा मध्येच अडकतात. यात दोष कागदाचा असतो, माणूस मात्र यंत्राला बडवतो. मी कागदाचं उघडलेलं रीम घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं घालते आणि काम झालं की उरलेली काढून घेते. पावसाळ्यात ७० ऐवजी ८० जीएसएमचा, म्हणजे जरा जाड कागद वापरते. दोन्ही बाजूंना छापायचं असेल तर पहिली बाजू निघाल्यावर गठ्ठा पंख्याखाली अर्धा तास पसरून ठेवते आणि मगच फिरवून घालते.

गडगडाट सुरू झाला की आपल्याकडे घरभर प्लग उपसायची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. पण प्रिंटर आधी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा. तेव्हा हेड जागेवर जाऊन त्यावर टोपी बसते. भिंतीवरून एकदम वीज तोडली आणि हेड मध्येच उघडं राहिलं, तर शाई सुकून नोझल चोंदतात. एप्सनचं हेड यंत्रात कायमचं बसवलेलं असतं, बदलायचं झालं तर खर्च मोठा. म्हणून आठवड्यातून एकदा एक रंगीत पान काढायचंच, काम असो वा नसो. हेड क्लीनिंग मात्र उगाच करू नका. त्यात वाया जाणारी शाई आतल्या स्पंजमध्ये साठते, आणि तो भरला की दिवे लुकलुकून छपाई थांबते.

या मॉडेलची चारही रंगांची शाई डाय प्रकारची आहे, म्हणजे पाण्यात विरघळणारी. पंचायतीत किंवा मामलेदाराच्या ऑफिसात भर पावसात न्यायचा कागद प्लास्टिकच्या फोल्डरमधूनच न्या. कॅननच्या जी मालिकेतल्या बहुतेक मॉडेलांत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक कणांची असते, ती पाण्याला बरीच दाद देत नाही. शिवाय त्यांचं हेड घरच्या घरी बदलता येतं. नुसतं कागदपत्रांचं ऑफिस असेल तर मी आधी त्यांच्याकडे बघेन. रंगीत काम, मुलांचे प्रकल्प, फोटो हेही हवं असेल आणि यंत्र रोज चालणार असेल, तर हा मला उजवा वाटतो. वीजही फार खात नाही: छापताना पंधरा वॅटच्या आत, त्यामुळे लाइट गेली तरी लहानशा इन्व्हर्टरवर तालमीच्या प्रती निघतात. लेझर तिथे बसूच शकत नाही.

शाई मूळ कंपनीचीच घ्या. लिटरच्या कॅनमधली स्वस्त शाई गळ्यात मारणारी दुकानं आहेत. शंभर रुपये वाचवून हेड धोक्यात घालण्यात काही राम नाही. वॉरंटी एक वर्ष किंवा ३०,००० पानं, यांतलं जे आधी होईल ते. मंडळाचं आणि ऑफिसचं काम एकाच यंत्रावर असेल तर पानांच्या आकड्यावर लक्ष असू द्या.

आणि घेताना दुकानदार म्हणेल, शाई भरून, चालवून दाखवतो. नमुना त्याच्याकडच्या यंत्रावर बघा, तुमचा खोका तसाच बंद घरी आणा. शाई भरल्यावर प्रिंटर सपाट राहायला हवा; म्हापशाहून डिचोलीपर्यंत स्कूटरवर पायापाशी तिरपा ठेवून आणायची ती वस्तू नव्हे. बाटली उलटी करून भोकावर बसवली की शाई आपोआप उतरते आणि टाकी भरली की थांबते. दाबायची गरज नसते. फक्त खाली एक जुना पेपर पसरा.