लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?
मित्राची स्पोर्ट्स कार खाली घ्यायचं, म्हणजे उंची कमी करायचं चाललंय, म्हणून माझं मत सांगतो बघा. लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा आखूड स्प्रिंग, स्वस्त की ओ, पण गाडी एकदा 25-30 मिमी खाली बसली की बसली, त्यात जुने शॉकअप तेच ठेवले तर त्यांना दबायला जागा कमी राहून लवकर ढिले पडतात. कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग नि शॉकअपचा एकत्र सेट, महाग, पण लॉक-रिंग सैल करून पान्यानं कॉलर (स्प्रिंगला टेकवणारी आट्यांची रिंग) फिरवली की उंची बदलते, म्हणजे बेळगावात टिळकवाडीत स्पीडब्रेकरला खालून खर्रर्र आवाज आला की थोडी वर घ्यायची. फक्त खानापूरकडचा लाल चिखल आट्यांत वाळला की कॉलर जाम, पावसाळ्यात ब्रश मारून धुवायलाच लागतंय. चोर्ला घाटातनं गोव्याला जाणाऱ्यानं, उंची बदलता येते म्हणून, कॉइलओव्हरच घ्यावेत. चाकांचं अलाइनमेंट दोन्हीला लागतंय, कॉइलओव्हरला तर उंची बदलली की परत.