गाव की शहर: आधी बघा घरातलं कोण एकटं बाहेर पडू शकतं

गावात राहायला जावं का शहरातच राहावं असं विचारणारे सध्या खूप भेटतात, त्यात लॅपटॉपवर काम करणारे जास्त. मी दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीयेत आणि दोन्हीकडे रडलेपण आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुतेक लोक भाडं आणि हवा एवढ्या दोनच गोष्टी बघतात आणि तिथेच गडबड होते. माझ्या मते सगळ्यात आधी हे बघायला पाहिजे की घरातलं कोण कोण दुसऱ्या कोणाला सोबत न घेता बाहेर पडून, आपलं काम करून परत येऊ शकतं. गाडी चालवणाऱ्या धडधाकट माणसाला गाव म्हणजे मोकळीक वाटते, पण तेच गाव १२ वर्षांच्या मुलीला किंवा गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला केवढं लांबलचक असतं हे तिथे राहिल्यावरच कळतं.

पैशाचं पटकन सांगते. गावात घर स्वस्त पडतं, जागा मोठी मिळते, हे खरंच आहे. पण एका गाडीवर भागत नाही, कारण एकजण कामाला गेला की दुसरा घरी अडकतो, मग दुसरी गाडी येते, तिचं इंधन, दुरुस्ती, विमा सगळं आलं, शिवाय प्लंबर किंवा फ्रिजवाला बोलावला तर तो येण्या-जाण्याचे वेगळे घेतो. भाड्यात जे वाचतं त्यातलं बरंचसं रस्त्यावर जातं. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय गाव स्वस्त आहे असं म्हणू नका.

आता दवाखाना, आणि यावर मी जास्त बोलणार आहे. सर्दी-खोकल्याला गावातला डॉक्टर उत्तम, तो तुम्हाला ओळखतो, घाई करत नाही. प्रश्न येतो तो वेळेशी शर्यत असते तेव्हा. स्ट्रोकमध्ये, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटतो तेव्हा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि ते देण्याआधी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाहीये ना हे बघावं लागतं, म्हणजे जवळ डॉक्टर असून भागत नाही, स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटलच गाठावं लागतं. त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा दवाखाना किती किलोमीटर हे विचारू नका, रात्री स्कॅन कुठे होतो आणि तिथे पोचायला किती मिनिटं लागतात ते विचारा. शहरवाल्यांनीपण निर्धास्त राहू नये. हृदय अचानक बंद पडलं आणि सीपीआर (छाती जोरात दाबत राहणं) किंवा मशीनने विजेचा शॉक मिळाला नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेली अॅम्ब्युलन्स हॉस्पिटल दोन चौकांवर असलं तरी अडकलेलीच असते. कुठेही राहा, सीपीआर शिकून घ्या.

आम्ही गावात असताना माझ्या मुलाला एकदा मध्यरात्री तापात झटका आला. नवरा बाहेरगावी, मला गाडी चालवता येत नाही. मी दारात जाऊन हाक मारली आणि शेजारचे काका दोन मिनिटांत गाडी घेऊन हजर. पुढची ४० मिनिटं मी मागच्या सीटवर त्याला कुशीवर धरून बसले होते, समोर हेडलाइटपुरताच रस्ता दिसत होता आणि बाकी सगळा काळोख. झटका वाटेतच थांबला होता, असे झटके बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबतात हे मला नंतर कळलं. दवाखान्यातल्या उजेडात बघितलं तर काकांनी शर्ट उलटा घातलेला. त्या रात्रीचं लांब अंतरही मला आठवतं आणि तो उलटा शर्टही, गावाचं काहीही बोलताना दोन्ही एकदमच आठवतात.

शहरात असे काका मिळत नाहीत असं नाही, पण ते जमवावे लागतात, आणि त्याला वर्षं लागतात. गावात ओळख आपोआप होते, फक्त तिची किंमत अशी की तुमच्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं, मुलगी कोणाशी बोलत होती हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याला ती माया वाटते त्याने जावं. ज्याचा जीव त्यात गुदमरतो, किंवा ज्याचं जगणं चारचौघांसारखं नाही, त्याला शहरातली अनोळखी गर्दी हा फार मोठा आधार असतो, त्याला कोणी माणूसघाणा म्हणू नये.

पाणी, वीज, नेट. शहरात नळ सोडला की पाणी, ते शुद्ध करणं दुसऱ्या कोणाचं तरी काम. विहीर किंवा बोअर असेल तर ती जबाबदारी तुमची. वर्षातून एकदा तरी लॅबमध्ये तपासून घ्या, जंतूंसाठी आणि नायट्रेटसाठीपण, कारण खतं आणि सेप्टिक टँकमधून नायट्रेट झिरपतं, ते लहान बाळांना घातक असतं आणि पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. नेटचं म्हणाल तर फायबर आहे का ते आधी बघा. सॅटेलाइट नेट मिळेल म्हणून खूश होण्याआधी कोणता सॅटेलाइट ते विचारा, कारण सुमारे ३६,००० किमीवरच्या जुन्या पद्धतीच्या सॅटेलाइटला सिग्नल जाऊन उत्तर यायला अर्ध्या सेकंदाच्या वर लागतं आणि व्हिडिओ कॉलवर सगळे एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, ५००-६०० किमीवरून फिरणाऱ्यांचा तेवढा त्रास नाही.

हवा आणि झोप यात गाव पुढे, पण डोळे झाकून नाही. शहरात सिमेंट-डांबर दिवसभराची उष्णता धरून ठेवतं आणि रात्री सोडतं, त्यामुळे रात्रसुद्धा गार होत नाही, वर गाड्यांचा आवाज. पण जिथे शेतातला पाला जाळतात किंवा चुलीवर लाकूड जळतं तिथे गावातली हवापण खराब असते, डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २०२१ मध्ये बारीक धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली, ती कित्येक गावंपण पाळू शकत नाहीत.

आता परत पहिल्या मुद्द्यावर. गावानंतर आम्ही शहरात सहाव्या मजल्यावर होतो. दवाखाना, बाजार, बाग सगळं खाली हाकेच्या अंतरावर. मग लिफ्ट बंद पडली आणि चार दिवस सासूबाई घरातच, खिडकीतून बाग बघायच्या. तेव्हा लक्षात आलं की अंतर उभंपण असतं.

म्हणून मी काय सांगते, तरुण आहात, एकटे आहात, काम शिकायचंय, तर शहर, फार विचार करू नका. दोघंही गाडी चालवता, काम घरून आहे, मुलं लहान आहेत किंवा नाहीत, तर गाव जरूर करून बघा, पण आधी भाड्याने, आणि तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत महिनाभर. त्या महिन्यात एक दिवस गाडीला हातच लावू नका, मग बघा दिवस कसा जातो. मुलं मोठी होतायत आणि आईवडील थकलेत अशा घराने गाव आणि महानगर दोन्ही सोडून छोटं शहर बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, तिथे नोकऱ्या कमी असतात, स्पेशालिस्टसाठी बाहेर जावं लागतं, तरीपण.

आम्ही तेच केलं. तळमजला घेतला. सासूबाई सकाळी एकट्या औषधाच्या दुकानात जातात, वाटेत दोनदा बसतात, अर्ध्या तासाने परत येतात आणि आज कोण भेटलं ते सांगत बसतात.