चौदा गाण्यांची तबकडी आणि माझे ४,५५० रुपये

'डेड कॅन डान्स' या बॅण्डचा त्याच नावाचा पहिला अल्बम 'फोरएडी' या रेकॉर्ड कंपनीने १९८४ साली काढला आणि २०१६ साली त्याची ग्रामोफोनवर वाजणारी तबकडी पुन्हा बाजारात आणली. विदर्भातल्या आमच्यासारख्या खेड्यात ती कुठल्या दुकानात मिळणार? म्हणून समाजमाध्यमावरच्या एका विक्रेत्याला कापसाच्या चुकाऱ्यातून ३,४०० रुपये आगाऊ पाठवले, आणि 'लंडनहून आलेले पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, ही रक्कम परत मिळेल' असे सांगून त्याने मागितलेले १,१५० रुपयेही दिले. पुढचे सांगायला नकोच. त्याने मला ब्लॉक केले. कस्टमचा पैसा कोणाच्या खाजगी यूपीआयवर जात नसतो, एवढे तरी ध्यानात ठेवा.

जीव जळतो तो त्याने पाठवलेल्या वेष्टनाच्या मागच्या बाजूच्या छायाचित्रामुळे. त्यावर चौदा गाणी होती. तबकडीवर दहाच असतात; उरलेली चार त्याच वर्षीच्या वेगळ्या, छोट्या तबकडीवरची असून ती सीडीत नंतर जोडली गेली. म्हणजे तो सीडीच्या डबीमागचा आडवा कागद होता, तबकडीच्या वेष्टनासारखा चौरस दिसावा म्हणून उभा ताणलेला, आणि त्यामुळे अक्षरे लांबट झाली होती. हे सारे मला ठाऊक होते. पण पहिल्या अल्बममधील गिटार आणि ढोलांच्या दाट गजरातून पुढच्या गंभीर, प्रार्थनेसारख्या संगीताकडे जाणारी वाट त्या चार गाण्यांतच दिसू लागते, आणि ती तबकडीवर मिळत असतील तर कोणता रसिक शंका काढत बसेल?

ठाण्यात अर्ज वाचून साहेब हसले. "इतक्या पैशात तं डीएपी खताच्या तीन थैल्या आल्या असत्या, भाऊ. मोबाईलवर फुकट नाही का ऐकू येत?" मग हे काम जिल्ह्याच्या सायबर शाखेचे असल्याचे कळले, शाखेने आधी ठाण्याची पोच मागितली, आणि बँकेने 'पिन आपणच टाकला आहे' असे लेखी कळवून हात झटकले. चोराला नाव नाही, पत्ता नाही, आणि कागदपत्रे मात्र फिर्यादीने गोळा करायची! तुम्ही ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, पैसे गेल्या क्षणी.

तेच छायाचित्र आता दुसऱ्या नावाखाली ३,२०० रुपयांना लागले आहे. लांबट अक्षरे पाहून घ्या.