2.00 ग्रॅमचा आकडा आणि माझी गेलेली सुई

माझ्या रेकॉर्ड प्लेअरची सुई वर होती. घरी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्याने लिव्हर ओढून टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, उचलला, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही सुईचा भार मोजायच्या त्याच्या डिजिटल काट्यावर 2.00 ग्रॅम होतं. काट्यावर काहीच टेकलेलं नाही आणि आकडा हलायला तयार नाही! मी मनातल्या मनात त्याच्याच वतीने उत्तर दिलं: आकडा गोठवणारं 'होल्ड'चं बटण दाबलं असेल. विचारायला काय जात होतं? पण समोरचा माणूस पांढरे हातमोजे घालून, कपाळावर दिवा लावून बसलेला. भीड पडली. त्या भिडेची किंमत पुढे सांगतोच.

प्रकार तुमच्या ओळखीचाच आहे. घरी येऊन सुई सरळ जुळवून देणारं 'लेझर अलाइनमेंट', निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर, वर चकचकीत प्रमाणपत्र. रक्कम लिहायची लाज वाटते, म्हणून प्रमाण सांगतो: नवं कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) घ्यायला जेवढे पडले असते, त्याच्या बरोबर 70 टक्के. 35 बुकिंगला, 35 तो दारात चपला घालत असताना.

आणि मी अगदीच अडाणी नाही हो. आर्म हवेत तरंगेपर्यंत काउंटरवेट, म्हणजे दांड्यामागचं वजन, फिरवायचं, मग वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी शून्यावर आणायची, आणि मग वजन व कडी एकत्र फिरवून हवा तो भार द्यायचा, हे मला पाठ आहे. पण दोन वर्षांपूर्वी हेडशेलच्या, म्हणजे कार्ट्रिज जिथे बसतं त्या टोकाच्या, चार वायरींपैकी हिरवी मी चिमट्याने ओढून तोडली होती. तेव्हापासून हात कापतो. म्हणून 'जाणकार' बोलावला.

त्या जाणकाराने काय केलं? आर्म एकदाही तरंगवला नाही. कडी तेवढी 2 वर आणली, वजन जागचं हललं नाही. मी बघत होतो! कार्ट्रिजचा कोन जुळवायचा कागदी प्रोट्रॅक्टर ठेवला तो एकाच बिंदूवर. 66.0 आणि 120.9 मिलिमीटर, या दोन्ही त्रिज्यांवर कार्ट्रिज रेषांना समांतर बसलं पाहिजे. एका बिंदूवर तर ते कुठेही सरकवून जुळवता येतं. आणि छापलेला प्रोट्रॅक्टर असेल तर त्यावरची मापाची रेघ आधी पट्टीने मोजा, प्रिंटर सर्रास लहान-मोठं छापतो. मी नाही मोजली.

मग तो म्हणाला, "सर, सुईवर घाण बसलीय, गाडीत मशीन आहे, दहा मिनिटांत धुऊन आणतो." सुईचा प्लास्टिकचा भाग पुढे ओढून काढला आणि खाली गेला. मी वर खिडकीत उभा. सुई कधीही नजरेआड जाऊ देऊ नका. कधीही.

लावून दाखवलं तेव्हा आवाज भरदार वाटला, मी खूशही झालो. वाटणारच, भार वाढवला की सुई खोबणीत घट्ट बसते. आठवड्याभराने शेवटच्या गाण्यांत 'स' आणि 'श' फाटायला लागले. आधी वाटलं रेकॉर्डच जुनी. दुसरी लावली, तिसरी लावली. अशा 11 रेकॉर्ड मी स्वतःच्या हाताने त्या सुईखाली घातल्या.

शेवटी स्वतःचा काटा मागवला. 3.1 ग्रॅम! कार्ट्रिजच्या कागदावर 1.8 ते 2.2 लिहिलंय. अँटीस्केटिंग, म्हणजे आर्मला बाहेरच्या बाजूला ओढून धरणारी सोय, शून्यावर, म्हणजे आर्म आत ओढला जातोय आणि खोबणीच्या आतल्या भिंतीवर जास्त दाब. भिंगाखाली सुई धरली तर टोक साधं गोल. माझं लंबगोल होतं. शिवाय माझ्या सुईच्या रक्षक पट्टीला डाव्या कोपऱ्यात नखाएवढा टवका होता, माझ्याच हातून पडलेला. ही पट्टी गुळगुळीत. धुऊन टवका भरून येत नाही.

फोन अर्थातच बंद. मग सुरू झाली यात्रा. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपीही तुम्हीच टाकलात, यात फसवणूक कुठे? पोलिसांत गेलो. "रेकॉर्ड खराब झालं? कुणाचं रेकॉर्ड?" मी म्हटलं, गाण्यांचं. खोलीतले तिघेही हसले. सुई म्हटल्यावर एकाने विचारलं, शिवणाची का? अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर म्हणे, सुईची पोच कशाला. ऑनलाइन तक्रारीत 'वस्तू मिळाली नाही' आणि 'सदोष वस्तू' असे दोनच पर्याय. माझी वस्तू होती ती गेली, याला पर्यायच नाही! 'सदोष वस्तू' निवडलं, तर बिल जोडा म्हणे. बिल नाही, प्रमाणपत्र आहे. ते जोडलं. नवव्या दिवशी उत्तर आलं: प्रमाणपत्रानुसार काम समाधानकारक झाल्याचे दिसते, तक्रार निकाली. सही होती ना माझी त्यावर, 'समाधानी ग्राहक' या शब्दांखाली! बिलाशिवाय दुसरा हप्ता देऊ नका, आणि देण्याआधी स्वतःच्या काट्यावर भार मोजा, काटा त्याचा नको.

मागच्या आठवड्यात जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत होतो. 'लंबगोल टोकाची सुई, कमी वापरलेली.' फोटो मोठा करून पाहिला. डाव्या कोपऱ्यात टवका.

स्क्रीनशॉट काढून पुन्हा पोलिसांकडे गेलो. त्याच साहेबांनी मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला. म्हणाले, "अहो, सगळ्या सुया अशाच असतात."